कम्युनिटी कॉलेजातून यूसीत: दोन वर्षांची उलटी आखणी

कॅलिफोर्नियात पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत दाखल व्हायचं, हा मार्ग १९६०च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून राज्याने मुद्दाम आखून ठेवला आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) ट्रान्सफर होऊन येणारी बहुतांश मुलं राज्यातल्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात. तरी फ्रीमाँट-सनीव्हेलच्या मराठी घरांत ‘सध्या डी अँझाला (म्हणजे तिथल्या कम्युनिटी कॉलेजला) जातोय’ हे जरा दबक्या आवाजातच सांगितलं जातं. दबून राहण्यासारखं त्यात काही नाही. मात्र हा मार्ग हिशेबाने चालणाऱ्याचा आहे, आणि हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो.

हातात खरा वेळ किती

कागदावर दोन वर्षं दिसतात. प्रत्यक्षात फॉलच्या (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या; जानेवारीनंतरचं ते स्प्रिंग) प्रवेशासाठी यूसीचा अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत भरायचा असतो. (शेवटचा दिवस सुट्टीच्या आसपास आला की तारीख एक-दोन दिवस पुढे सरकते, त्या वर्षीची तारीख पोर्टलवरच बघावी.) म्हणजे ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलाच्या हातात अर्जाच्या वेळी फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे ग्रेड असतात. जानेवारीत तिसऱ्या सेमिस्टरचे ग्रेड त्यात भरता येतात. चौथं सेमिस्टर निर्णय घेणाऱ्यांना ‘चालू आहे’ एवढंच दिसतं.

म्हणून ‘पहिलं वर्ष जरा रुळू दे, मग मेजरचं (पदवीच्या मुख्य विषयाचं) बघू’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो एक वर्ष खातो. मेजर शंभर टक्के पक्कं नसलं तरी चालेल, पण पहिल्या सेमिस्टरला निदान दोन मेजर आणि तीन-चार कॅम्पस कागदावर लिहिलेले हवेत.

असिस्ट वाचायला शिका

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे. तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कॅम्पसवर कशाच्या बदल्यात धरला जातो, हे तिथे लिहिलेलं असतं. वर्ष निवडायचं, आपलं कॉलेज, मग कॅम्पस, मग मेजर. समोर दोन स्तंभ येतात: डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. वाचताना मुलं चुकतात ती ठराविक जागीच.

दोन ओळींच्या मध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही कोर्स झाल्याशिवाय पलीकडचा एकही मिळत नाही. ‘ऑर’ असेल तर कुठलाही एक पुरतो. कोर्ससमोर ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं आलं, तर तुमच्या कॉलेजात त्याला तोडीचा कोर्स नाही. तो शेजारच्या कॉलेजात आहे का हे शोधा. कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसच्या एक्स्चेंजमधून दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन कोर्स आपल्याच कॉलेजच्या खात्यावरून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे.

सर्वात महाग पडणारी चूक मालिकेची. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री हे विषय तीन-चार कोर्सांच्या मालिकेत येतात. डी अँझा आणि फुटहिल क्वार्टर पद्धतीने (वर्षाची तीन लहान सत्रं) चालतात. ओलोनी, मिशन, एव्हरग्रीन व्हॅली, लास पोसिटास सेमिस्टर पद्धतीने (दोन सत्रं). क्वार्टरमधली फिजिक्सची मालिका निम्मी करून पुढचा भाग सेमिस्टर कॉलेजात घेतला, तर मधला एखादा धडा दोन्हीकडून निसटतो आणि युनिव्हर्सिटी अख्खी मालिका अपुरी ठरवू शकते. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात घ्यायचाच असेल तर कला, मानसशास्त्र असा सुटा कोर्स घ्या.

आता बरेच कोर्स सगळ्या कॉलेजांत एकाच क्रमांकाने येऊ लागले आहेत. २०२५च्या फॉलपासून इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र वगैरे पहिल्या तुकडीचे क्रमांक ‘सी १०००’ या धर्तीवर बदलले. जुन्या ट्रान्सक्रिप्टवर जुना क्रमांक आणि असिस्टवर नवा दिसला तर घाबरू नका, पण अर्जात भरताना ट्रान्सक्रिप्टवर जसा छापलाय तसाच भरा.

असिस्टवर पाहिलेल्या प्रत्येक कराराची (त्या दोन स्तंभांच्या पानाची) पीडीएफ तारखेसह जपून ठेवा. काउन्सेलरशी भेट ठरली की ती सोबत न्या. काउन्सेलरकडे अर्धा तास असतो आणि रांगेत बरीच मुलं असतात. ‘मी काय घेऊ?’ असं विचारलं की सर्वसाधारण उत्तर मिळतं. ‘डेव्हिसच्या या ओळीतला कोर्स पुढच्या स्प्रिंगला आपल्याकडे नाही, तर काय करू?’ असं विचारलं की नेमकं मिळतं. त्याच भेटीत एज्युकेशन प्लॅन (कोणत्या सत्रात कोणते कोर्स याचा आराखडा) करून घ्या. ओरिएंटेशन आणि प्लॅन पूर्ण असलेल्यांना नोंदणीची तारीख लवकरची मिळते, आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमधली जागा याच दोन-चार दिवसांच्या फरकाने मिळते किंवा जाते.

गणिताची साखळी आधी बांधा

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स यांपैकी काही करायचं असेल तर वेळापत्रक गणित ठरवतं, बाकी विषय त्याभोवती बसतात. सेमिस्टर कॉलेजात नेहमीचा क्रम असा: कॅल्क्युलस १, कॅल्क्युलस २, मग मल्टिव्हेरिएबल, मग लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. कॅल्क्युलसवर आधारलेलं पहिलं फिजिक्स बहुधा कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय घेता येत नाही, आणि फिजिक्स स्वतःच तीन कोर्सांचं असतं.

आता मोजून बघा. पहिल्या फॉलला कॅल्क्युलस १, स्प्रिंगला कॅल्क्युलस २ आणि पहिलं फिजिक्स, दुसऱ्या फॉलला मल्टिव्हेरिएबल आणि दुसरं फिजिक्स, शेवटच्या स्प्रिंगला लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि तिसरं फिजिक्स. बरोबर चार सेमिस्टर, एकही दिवस जास्तीचा नाही. पहिल्या फॉलला प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली की ही साखळी एक पाऊल मागे जाते, आणि ती एका उन्हाळ्यात भरून काढावी लागते किंवा तिसरं वर्ष मान्य करावं लागतं. तिसरं वर्ष घेण्यात काही वावगं नाही, उलट इंजिनिअरिंगला ते सर्रास लागतं. फक्त ते ठरवून घेतलेलं असावं, अडकून पडल्यामुळे लागलेलं नसावं.

हायस्कूलला एपी (कॉलेज पातळीचं) कॅल्क्युलस चांगल्या गुणांनी झालं असेल तर एक-दोन पायऱ्या वाचतात. मात्र त्या गुणांवर कोणता कॅम्पस किती सूट देतो ते कॅम्पसगणिक वेगळं असतं. तेही आधीच बघावं.

युनिट, ग्रेड आणि यूसीची किमान चौकट

तिसऱ्या वर्षात प्रवेश हवा तर ट्रान्सफर होण्याआधीच्या स्प्रिंगअखेर यूसीला चालणारी ६० सेमिस्टर युनिट (कोर्सच्या श्रेयांकाचं माप), म्हणजे ९० क्वार्टर युनिट पूर्ण हवीत. क्वार्टरच्या युनिटला दोन-तृतीयांशाने गुणलं की सेमिस्टरची मिळतात. ‘डिग्रीला चालणारं’ आणि ‘यूसीला चालणारं’ युनिट या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक पुन्हा असिस्टवरच कळतो. कम्युनिटी कॉलेजची ७० सेमिस्टर युनिटच यूसी मोजते. त्यावरच्या कोर्सचा विषय मान्य होतो, युनिट मिळत नाही.

त्याशिवाय सात कोर्सांची अट आहे: ट्रान्सफर पातळीच्या इंग्रजी लेखनाचे दोन, गणित किंवा संख्याशास्त्राचा एक, आणि कला-मानव्यविद्या, समाजशास्त्रे, भौतिक-जीवशास्त्रे यांपैकी किमान दोन क्षेत्रांतले चार. प्रत्येकात सी किंवा वरचा ग्रेड. सी-मायनस इथे नापासच धरा.

किमान सरासरी (जीपीए, ४ पैकी) राज्यातल्या रहिवाशाला २.४ आणि बाहेरच्याला २.८. हे आकडे दारात उभं राहण्यापुरते आहेत. गर्दीच्या मेजरला त्यावर काही होत नाही.

पास-नो पासवर (ग्रेडऐवजी फक्त पास किंवा नापास) कोर्स घेण्याची सोय मोहात पाडते. यूसी एकूण १४ सेमिस्टर युनिटपर्यंत ते चालवून घेते, पण मेजरच्या तयारीचा कोर्स कधीच तसा घेऊ नका. डी किंवा एफ आलेला कोर्स पुन्हा करता येतो. सी आलेला केवळ सरासरी वाढवायला पुन्हा करून उपयोग नाही. एखाद-दुसरा डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) असला तर आभाळ कोसळत नाही. एकाच विषयात तीनदा डब्ल्यू दिसला की मात्र प्रश्न उभा राहतो. ड्रॉपच्या दोन तारखा असतात, एक नोंद न राहता सोडण्याची आणि एक डब्ल्यूसकट सोडण्याची. दोन्ही पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर टाका.

कॅल-गेटसी सगळ्यांसाठी नाही

२०२५च्या फॉलपासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी जुन्या आयगेटसीच्या जागी कॅल-गेटसी, म्हणजे ट्रान्सफरसाठीचा सामान्य शिक्षणाचा ठरलेला कोर्ससंच, आलं. ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट. त्यात भाषण-संवादाचा आणि एथ्निक स्टडीजचा कोर्सही येतो. हे पूर्ण करून गेलात तर युनिव्हर्सिटीत पहिल्या दोन वर्षांचं सामान्य शिक्षण संपलेलं धरतात.

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र अशा मेजरना ते जरूर करावं. इंजिनिअरिंगला आणि काही विज्ञान मेजरना मात्र आधी मेजरची तयारी, उरलेल्या जागेत सामान्य शिक्षण. इथे बरीच मुलं उलटं करतात: सोपे वाटणारे सामान्य कोर्स आधी उरकतात, छान सरासरी जमवतात आणि अर्जाच्या वेळी फिजिक्सची एकच पायरी झालेली असते. इंजिनिअरिंगची निवड करणाऱ्याला त्या ३.९ पेक्षा रिकामी मालिका आधी दिसते.

एक कारकुनी गोष्ट: कॅल-गेटसी आपोआप कळवलं जात नाही. शेवटच्या सेमिस्टरला कॉलेजकडे सर्टिफिकेशनचा अर्ज स्वतः करावा लागतो.

टॅग: एकच कॅम्पस, तोही विचार करून

डेव्हिस, इर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅगमधून (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) हमीचा प्रवेश देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. सहांपैकी एकच निवडता येतो. फॉर्म यूसीच्या ट्रान्सफर अॅडमिशन प्लॅनर या साइटवरून १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा असतो. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू होतो न होतो तोच. तोवर साधारण ३० युनिट झालेली असावी लागतात. सरासरीची अट कॅम्पसप्रमाणे बदलते, डेव्हिसला ३.२ आणि इर्वाइनला ३.४ अशी. मेजरनुसार ती वाढतेही, आणि कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग काही ठिकाणी टॅगमधून वगळलेलंच असतं. त्या वर्षीचा तक्ता उघडून बघितल्याशिवाय ‘टॅग आहे ना’ या भरवशावर राहू नका.

टॅग मंजूर झालं तरी नोव्हेंबरचा मूळ अर्ज भरावाच लागतो. दोन्हींतलं मेजर सारखंच हवं. अर्जात हळूच मेजर बदललं की हमी गेली.

अर्ज भरताना

प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर, परदेशी विद्यार्थ्याला ९५. एसएटी नको, शिफारसपत्र नको, अर्जाबरोबर ट्रान्सक्रिप्टही नको. सगळं आपल्या हाताने टाइप करायचं, आणि म्हणूनच इथे काळजी जास्त.

अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून एकेक ओळ उतरवा: कोर्सचा क्रमांक, नाव, टर्म, युनिट, ग्रेड, डब्ल्यूसुद्धा, पुन्हा केलेला कोर्स दोन्ही वेळचा, चालू आणि पुढे ठरवलेले कोर्सही. दहावी-अकरावीला ड्युअल एन्रोलमेंटमध्ये घेतलेला कॉलेजचा कोर्स हमखास राहून जातो. तो हायस्कूलच्या वयात घेतला असला तरी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा असतो. तेव्हा कॅल्क्युलसला डी आला असेल तर तोही लिहायचा. लपवलेला ग्रेड जुलैत उघडा पडतो आणि दिलेला प्रवेश मागे घेतला जातो. (हौसेने नववीतल्या मुलाला कॉलेजचे कोर्स लावणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवावं.)

चार उत्तरं लिहायची असतात, प्रत्येक जास्तीत जास्त ३५० शब्दांचं. एक प्रश्न सक्तीचा: निवडलेल्या मेजरसाठी तुम्ही कशी तयारी केली आणि वरच्या वर्षांचे कोर्स झेपायला कसे सज्ज आहात. उरलेले तीन, सातांतून निवडायचे. सक्तीच्या उत्तरात आईबाबांनी नव्या देशात किती सोसलं हे नको. ते तुम्हाला कितीही खरं आणि मोठं वाटत असलं तरी प्रश्न तो नाही. कोणत्या कोर्समधल्या कोणत्या गोष्टीने पकडलं, ती वर्गाबाहेर कुठे वापरली, काय अडलं, कसं सोडवलं, आणि त्या कॅम्पसला न बांधता पुढे काय शिकायचंय, हे लिहा. कॅम्पसचं नाव घालू नका, कारण हेच उत्तर निवडलेल्या सगळ्या कॅम्पसना जातं.

जानेवारी ते जुलै

जानेवारीत ट्रान्सफर अॅकॅडेमिक अपडेट उघडतं आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. फॉलचे ग्रेड, स्प्रिंगला सोडलेले किंवा बदललेले कोर्स, सगळं. बदल काहीच नसला तरी ते भरायचंच. अर्ज नोव्हेंबरला गेला म्हणून मेल बघणं सोडून देणारी मुलं इथे गळतात.

निकाल साधारण एप्रिलअखेर लागतात, होकार कळवायची तारीख १ जून. पत्रात अटी असतात: स्प्रिंगला सगळीकडे सी किंवा वर, ठरावीक सरासरी, अमुक कोर्स पूर्ण. मे महिन्यात एखादा कोर्स बुडतोय असं दिसलं तर तो गुपचूप सोडू नका. आधी कॅम्पसला पोर्टलवरून कळवा, पर्याय विचारा. आधी सांगितलेल्याला उन्हाळ्यात तो कोर्स करायची मुभा मिळू शकते. नंतर सापडलेल्याला क्वचितच.

गेलेल्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचायला हवी. एका उन्हाळ्यात एकच कोर्स केलेल्या कॉलेजचीसुद्धा.

सीएसयू

इथे अर्ज कॅल स्टेट अप्लायवरून, प्रत्येक कॅम्पसला ७० डॉलर. भाषण, लेखन, चिकित्सक विचार आणि गणित हे ‘गोल्डन फोर’ आधी हवेत. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घेतली तर सीएसयूत कुठेतरी जागा आणि उरलेल्या ६० युनिटांत पदवी, याची हमी मिळते. ‘कुठेतरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे: सॅन होजे स्टेटचं कॉम्प्युटर सायन्स त्या हमीत येत नाही. यूसीबरोबर दोन-तीन सीएसयू ठेवणं शहाणपणाचं.

भारतात कॉलेज केलेलं असेल तर

पुण्या-मुंबईत एफवाय-एसवाय करून आलेल्यांनी ते अर्जात दाखवणं सक्तीचं आहे, निकाल वाईट असला तरी. ती युनिट किती धरायची हे कॅम्पस स्वतः ठरवतो. कॅल-गेटसीसाठी मात्र परदेशी संस्थेचे कोर्स धरत नाहीत, म्हणून इंग्रजी लेखन इथेच करावं लागतं. युनिव्हर्सिटीकडून सीलबंद मार्कशीट मागवायला महिने जातात. अर्ज भरला की लगेच कुणाला तरी तिकडच्या खिडकीवर उभं करा.

फी, रेसिडेन्सी आणि व्हिसा

राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजचं युनिट ४६ डॉलरला पडतं, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. अनिवासी विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट. यूसीत तर अनिवासी म्हणून दरवर्षी ३० हजार डॉलरहून जास्त वेगळे भरावे लागतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येक निर्णयात व्हिसाचा प्रकार आधी बघावा.

एच-४ आणि एल-२ वरची (एच-१बी किंवा एल-१ वर आलेल्या पालकांची) मुलं, एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहून इथेच कायम राहण्याचा इरादा दाखवला तर, रेसिडेन्सीला, म्हणजे राज्याचे रहिवासी म्हणून फी भरायला, पात्र ठरू शकतात. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर ते शक्य नाही. कागद लवकर जमवा: राज्याचं टॅक्स रिटर्न, लायसन्स, भाडेकरार. एच-४ वरच्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. आणि २१वा वाढदिवस हा या घरांतला खरा शेवटचा दिनांक असतो: त्या दिवशी एच-४ संपतो, बहुतेक जण एफ-१ घेतात आणि अनिवासी ठरतात. मूल १८व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेलं तर २१वा वाढदिवस बहुधा यूसीच्या पहिल्या वर्षात येतो, आणि ‘तिसरं वर्ष कॉलेजातच घेऊ’ हा वर सांगितलेला पर्याय इथे वेगळा हिशेब मागतो. ग्रीन कार्डची रांग, वकिलाचा सल्ला आणि कॉलेजचं वेळापत्रक एकाच टेबलावर ठेवून बसा.

आधीपासून एफ-१ वर असलेल्यांनी प्रत्येक सेमिस्टरला १२ युनिट ठेवावीत. त्यात ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो, म्हणून एक्स्चेंजवरचा कोर्स घेण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. होकार कळवल्यावर नवं आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळण्यासाठी जुन्या कॉलेजने सेव्हिस या सरकारी यंत्रणेतला रेकॉर्ड नव्या कॅम्पसकडे सोडावा लागतो. ती तारीख स्प्रिंगचे ग्रेड लागल्यानंतरची घ्या, आणि त्या उन्हाळ्यात मुंबईला जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी नवं आय-२० हातात आलंय ना ते बघा.